घरगुती हॅम, चान्या आणि पाककृतीचे गद्य

पाककृतीचे पुस्तक ग्रंथालयात साहित्याच्या कपाटात सापडत नाही. ते गृहशास्त्राच्या विभागात असते, आणि त्या विभागाकडे साहित्याचा अभ्यासक सहसा फिरकत नाही. पत्र, दैनंदिनी, बखर, कीर्तन, लावणी यांना वाङ्मयेतिहासात प्रवेश मिळाला. पाककृती मात्र अजून उंबऱ्याबाहेरच उभी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय अशीच एक पाककृती आहे: डुकराची मागची मांडी घरच्या घरी खाऱ्या पाण्यात मुरवून तिचा हॅम करणे. मराठीच्या अध्यापकाने या विषयाला हात का घालावा, अशी शंका वाचकाला येणे स्वाभाविक आहे. ती त्याने थोडा वेळ बाजूला ठेवावी, एवढीच विनंती. कारण या एका कृतीचा माग काढत गेल्यास आपल्याच साहित्याच्या वाचनातली एक खोट आपल्याला दिसते, असे माझे मत आहे.

आधी कृती. चार-पाच किलोंची हाडासकट मांडी घ्यायची. पाण्यात मीठ, तपकिरी साखर किंवा काकवी, मिरे, लवंगा, तमालपत्र आणि ज्युनिपरची फळे घालून उकळायचे व ते पूर्ण गार होऊ द्यायचे. खार पुरेसा झाला की नाही हे पाहण्याची जुनी इंग्रजी रीत साधी आहे: कच्चे अंडे त्यात सोडायचे, ते तरंगले म्हणजे झाले. चिनी मातीच्या किंवा लाकडाच्या भांड्यात मांडी ठेवून त्यावर हे पाणी ओतायचे, वर बशी आणि बशीवर वजन ठेवायचे. मांडीचा कणभरही भाग पाण्याबाहेर राहता कामा नये. किलोमागे तीन-चार दिवस ती थंड जागी ठेवायची, अधूनमधून उलटवायची. मग बाहेर काढून, धुऊन, टांगून कोरडी करायची. शिजवण्यापूर्वी साध्या पाण्यात भिजवून जादा खारटपणा उतरवायचा आणि मंद आचेवर शिजवायची.

आंब्याचे लोणचे घालणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही यातली शिस्त परकी वाटणार नाही. फोड तेलाखाली राहिली पाहिजे, बरणीला पाण्याचा हात लागता कामा नये, वर दादरा बांधला पाहिजे, ही तीच शिस्त. मीठ पदार्थातले पाणी ओढून घेते, आणि पाण्यावाचून जंतूंचे चालत नाही. लोणचे या शब्दाच्या मुळाशीच लवण आहे. हिंदीला जे मीठा म्हणजे गोड, ते मराठीला मीठ म्हणजे लवण. चवीचा सारा गोडवा ज्या भाषेने खारटाच्या नावे केला, तिला खारवण्याचे मर्म समजावून सांगायला नको.

तथापि मांस म्हणजे कैरी नव्हे. कैरीजवळ स्वतःचा आंबटपणा असतो, मांसाजवळ तो नसतो. मांडी जाड असते आणि मीठ बाहेरून आत सावकाश सरकते. तेवढ्यात हाडाजवळचा भाग आतल्या आत नासू शकतो. वरून मांडी निर्दोष दिसते आणि आत दुर्गंधी धरलेली असते. म्हणून अनुभवी माणूस हाडालगत सळई खुपसतो, बाहेर काढतो आणि हुंगतो. इटलीतल्या पार्मा हॅमचे पारखी आजही घोड्याच्या हाडाची बारीक सुई याच कामासाठी वापरतात. म्हणूनच अनेक जण खारे पाणी पिचकारीने थेट हाडाभोवती सोडतात.

आणखी एक घटक म्हणजे सोरा. चिमूटभर सोऱ्याने शिजलेल्या हॅमला त्याचा गुलाबी रंग येतो. एरवी ते मांस राखाडी दिसेल. खाऱ्या पाण्यातले जंतू सोऱ्याचे नायट्राइट करतात. पुढे त्यातून निघणारा वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जखडला जातो आणि रंग टिकतो. नायट्राइटचे रंगाहून मोठे काम आहे ते बोट्युलिझमच्या जंतूला रोखण्याचे. या रोगाचे नाव सॉसेजसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आले. त्याचे पहिले नेटके वर्णन १८२०च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन वैद्याने केले. हा वैद्य म्हणजेच स्वाबियातला रोमँटिक कवी केर्नर. त्याच्या कवितांना पुढे १८४० मध्ये शूमानने चाली दिल्या. सॉसेजच्या विषाचा प्रयोग त्याने स्वतःच्या देहावरही केला. कविता एका कपाटात आणि मांस टिकवण्याची विद्या दुसऱ्या कपाटात, ही वाटणी त्याच्या आयुष्यात नव्हती. आज मापून मिसळलेले नायट्राइटयुक्त मीठ तयार मिळते आणि ते ग्रॅमच्या काट्यावरच घ्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

सोऱ्याची एक बाजू आपल्याकडची आहे. अठराव्या शतकात ब्रिटनला लागणाऱ्या सोऱ्याचा फार मोठा वाटा ईस्ट इंडिया कंपनीमार्फत बिहारमधून जात असे. तो मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी होता, पण स्वयंपाकघरातली चिमूटही त्याच व्यापारातली. इंग्रज खेडवळ घरातल्या नाताळच्या हॅमचा जो रंग आपल्याला अस्सल इंग्रजी वाटतो, त्यात बिहारच्या नोनियांनी खाऱ्या मातीतून काढलेला सोरा असण्याचा संभव बराच आहे.

आता या कृतीच्या लेखनाकडे वळू. हॅना ग्लासचे 'द आर्ट ऑफ कुकरी' १७४७ मध्ये 'एका बाईने लिहिलेले' अशा मोघम उल्लेखासह प्रसिद्ध झाले. आपण उच्चभ्रू शैलीत लिहीत नाही, घरातल्या मोलकरणींना कळावे म्हणून लिहितो, असे तिने प्रस्तावनेत जाणीवपूर्वक सांगितले आहे. गद्याचा वाचक कोण, हा प्रश्न तिने आधी सोडवला आणि मग भाषा ठरवली. एलायझा ॲक्टन ही मुळात कवयित्री. तिचा कवितासंग्रह १८२६चा आणि 'मॉडर्न कुकरी' १८४५चे. लागणारे जिन्नस आणि वेळ स्वतंत्रपणे नोंदवण्याची रीत तिने रूढ केली. इझाबेला बीटनचा १८६१चा गृहव्यवस्थेचा जाडजूड ग्रंथ आला तेव्हा ती पंचविशीत होती आणि त्यातला बराच मजकूर ॲक्टनसह इतरांकडून उचललेला होता, हे आता सर्वमान्य आहे. विसाव्या शतकात जेन ग्रिगसनने १९६७ साली फ्रेंच वराहपाकावर लिहिलेले पुस्तक तर गद्य म्हणून वाचावे असे आहे. ती केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकलेली आणि पारितोषिकप्राप्त अनुवादक होती, हे तिच्या वाक्यावाक्यातून जाणवते.

या परंपरेत हॅमची कृती पुन्हा पुन्हा का येते? कारण ती लिहायला अवघड आहे. आमटीची कृती अर्ध्या तासाची असते आणि तिच्यातली चूक लगेच जिभेवर येते. हॅमची कृती आठवड्यांची असते. तिच्यातली चूक हाडाजवळ लपून बसते आणि उशिरा कळते. म्हणून अशा गद्याला काळ सांभाळावा लागतो, थांबायला सांगावे लागते, धोक्याची खूण आधी द्यावी लागते. 'चवीनुसार' या शब्दामागे इथे लपता येत नाही. आज्ञार्थी क्रियापदांच्या त्या साध्या मालिकेत अनेक पिढ्यांचे नासलेले मांस आणि त्यातून आलेले शहाणपण साठलेले असते. निवेदनशास्त्रात आपण कालक्रम, पूर्वसूचना, संबोधित वाचक यांची चर्चा करतो. ती चर्चा या गद्याला चपखल लागू पडते.

हे ज्ञान नसेल तर कादंबरीही चुकीची वाचली जाते. थॉमस हार्डीच्या 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' (१८९५) मधला डुक्कर मारण्याचा प्रसंग आठवावा. बर्फामुळे खाटीक येत नाही, म्हणून ज्यूड आणि अॅराबेला यांनाच ते काम करावे लागते. अॅराबेलाला डुकराचे रक्त सावकाश आणि पूर्ण निथळायला हवे आहे. ज्यूडला दया येते आणि तो खोल वार करून ते लवकर संपवतो. धांदलीत रक्ताचे भांडेही लवंडते. वर्गात हा प्रसंग बहुधा एकाच अंगाने शिकवला जातो: कोवळ्या मनाचा ज्यूड आणि निबर, क्रूर अॅराबेला. परंतु रक्त नीट न निथळलेले मांस लवकर नासते, हा खारवणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. भावात किती नुकसान होईल याचा हिशेब अॅराबेला तिथल्या तिथे सांगते. आधी एकदोन दिवस जनावर उपाशी ठेवणे हीही त्या व्यवसायाची रीतच. सांडलेले रक्त म्हणजे बुडालेला एक पदार्थ. हिवाळा काढायचा आहे, आणि गरिबांनाही जगायचे असते. हार्डीने दोन्ही पारडी जागेवर ठेवली आहेत. ज्यूडची दया खरी आहे आणि अॅराबेलाचे ज्ञानही खरे आहे. मांस कसे टिकते हे ठाऊक नसलेला वाचक मात्र एकच पारडे पाहतो. विल्यम कॉबेटने 'कॉटेज इकॉनॉमी' (१८२१-२२) मध्ये म्हटले आहे की, शेतमजुराच्या घरात खारवलेल्या मांसाच्या दोन तुकड्या टांगलेल्या असल्या की चोरीपासून त्याला परावृत्त करायला कायद्याच्या पोथ्यांपेक्षा त्यांचाच अधिक उपयोग होतो. अॅराबेला ही त्याच अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे.

इथवर गोष्ट इंग्रजांची झाली. मराठीत या विषयाचे काय झाले?

मांस टिकवणे किंवा वराहपाक हे मराठी मुलखाला अपरिचित होते, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. जुन्या मराठीचे नमुने म्हणून ज्या 'मानसोल्लासा'चा उल्लेख आपण वर्गात करतो, त्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे. त्यात डुकराचे केस काढण्यासाठी कापड पांघरून त्यावर कढत पाणी ओतावे इथपासून तपशील दिले आहेत. भाषेच्या इतिहासासाठी आपण तो ग्रंथ उघडतो आणि हे पान उलटून पुढे जातो. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेली 'व्हिन्या द आल्यश' म्हणजे वाइन आणि लसूण यांत मुरवलेले मांस. वाइनच्या जागी माडाच्या ताडीची शिर्क आली आणि जगाला विंदालू मिळाला. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, म्हणजे मराठीचीच बोली बोलणाऱ्या घरांत, इंदयाल मुरत आला आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१०च्या 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' या पुस्तकात पाठारे प्रभूंचे मटण-मासळीचे पदार्थ सन्मानाने आले. म्हणजे मराठी पाकगद्य मांसाला मुळातच पाठमोरे होते, असेही नव्हे.

तरीही एक मोठा भाग लिहिलाच गेला नाही. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून, बहुधा मीठ लावून, दोरीवर कडक उन्हात वाळवल्या जात. त्या चान्या. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, त्या निखाऱ्यावर भाजून किंवा शिजवून खाल्ल्या जात. चान्यांमागचे तत्त्व हॅमचेच आहे: पाणी काढून टाका, मग मांस टिकेल. फरक एवढाच की थंडीऐवजी इथे ऊन हाताशी होते, म्हणून जाड मांडी न ठेवता पातळ पट्टी करण्याचा निर्णय झाला. उष्ण हवेत मांडी आतून नासेल आणि पट्टी नासण्याआधी वाळेल, हे ज्यांना कळले त्यांनी पदार्थाची भूमितीच बदलली. हे अनुभवसिद्ध विज्ञान आहे. अॅराबेलाच्या सांडलेल्या रक्ताचा जो पदार्थ झाला असता, त्याची बहीण लकुटीच्या रूपाने याच घरांत होती.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने हे अन्न प्रथमच पाककृतींसह मराठीत सविस्तर मांडले. शीर्षकातच त्यांनी रूढ वचन उलटे केले आहे. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि मग इंग्रजी वृत्तपत्रांतून त्याची चर्चा वाढली. मूळ मराठी पुस्तक नऊ वर्षे आधी आले होते. मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत ते किती ठिकाणी पोचले, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या विभागात विचारून पाहावा.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. दलित आत्मकथने आपण १९७८च्या 'बलुतं'पासून निष्ठेने शिकवतो. त्यांत वाळवलेल्या मांसाचा उल्लेख आला की आपण समासात लिहितो: दारिद्र्य, भूक, विटंबना. विद्यार्थीही परीक्षेत तेच लिहितो. तोच विद्यार्थी इंग्रजी कादंबरीत छताला टांगलेला हॅम वाचतो तेव्हा समासात लिहितो: ग्रामीण संस्कृती, ऋतुचक्र, कुटुंबजीवन. क्रिया एकच, तत्त्व एकच, पोटाची निकडही पुष्कळदा एकच. पण एका ठिकाणी आपल्याला संस्कृती दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी फक्त अभाव. त्या बाईच्या हाताला काय येत होते, पट्टी किती जाड कापायची, ढग आले तर काय करायचे, हे आपण विचारतच नाही. सहानुभूतीने वाचत असताना आपण त्या माणसांची विद्या त्यांच्याकडून काढून घेतो. 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाच्या शेवटी भिरकावलेला दगड आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. शीर्षकाचा अर्थ कैकाडी बोलीत डुक्कर असा आहे, हेही आपल्याला चित्रपटामुळेच कळले. डुकरे पकडणे हे एक कसब आहे, हे पडद्यावर दिसत असूनही त्याबद्दल समीक्षेत क्वचितच वाचायला मिळते.

यावर एक गंभीर हरकत घेतली जाईल आणि ती घेतली गेलीच पाहिजे. इंग्रज मजुराचे डुक्कर त्याने स्वतः पाळलेले असे. इथे मात्र मेलेले जनावर ओढणे ही जातीने लादलेली सक्ती होती आणि मांस हा त्या सक्तीचाच मोबदला होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. हजारो घरांनी ते सोडले. तो त्याग हाच स्वाभिमानाचा पहिला उच्चार होता. अशा स्थितीत चान्यांचे कौशल्य म्हणून कौतुक करणे म्हणजे, ज्यांनी ते ताट निर्धाराने दूर सारले त्यांच्यापुढे आपण ते पुन्हा सरकवत नाही काय? शिवाय आज शहरी उपाहारगृहांत कशाचेही प्रदर्शन मांडता येते. कालचे दुःख उद्याच्या मेन्यूवर 'अस्सल चव' म्हणून छापले जाऊ शकते.

ही हरकत मला मान्य आहे, आणि म्हणूनच 'गौरव' हा शब्द मी वापरणार नाही. पण गौरव आणि अवज्ञा यांच्यामध्ये नोंद नावाची एक जागा असते. नोंद करणे म्हणजे त्या व्यवस्थेचे समर्थन करणे नव्हे. किंबहुना कौशल्याची नोंद झाली तरच अन्यायाचे खरे माप कळते. काहीच येत नसलेल्या, केवळ भुकेल्या माणसांवर अन्याय झाला, ही कथा अर्धी आहे. जाणत्या, कुशल माणसांच्या विद्येला विद्या म्हणायचेच नाकारले गेले, ही पूर्ण कथा आहे. आणि पदार्थाचा त्याग करणाऱ्यांनी नेमके काय त्यागले, हे माहीत नसेल तर त्यागाचे मोलही कळणार नाही. काळही थांबलेला नाही. मृतमांस सुटले आणि राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. जुन्या बायकांच्या हातातली ही समज त्यांच्याबरोबर संपत चालली आहे. इंग्रजीत हॅम मुरवणारे हात थांबले तेव्हा पुस्तके उरली होती. मराठीत काय उरेल?

म्हणून काही मोजक्या सूचना. एम.ए.च्या गद्यप्रकारांच्या पेपरात पाककृती हा प्रकार असावा. धुरंधर आणि पाटोळे शेजारी शेजारी वाचले जावेत. कोणाला उद्देशून लिहिले आहे, कोणते जिन्नस घरात असतीलच असे गृहीत धरले आहे, 'चवीनुसार' म्हणताना कोणाची जीभ प्रमाण मानली आहे, हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावेत. तौलनिक साहित्याच्या तासाला हार्डीचा तो प्रसंग शिकवताना खारवण्याची कृती आधी फळ्यावर लिहावी आणि मग अॅराबेलाचा न्याय करावा. आत्मकथनात चान्या आल्या की 'दारिद्र्य' या शब्दापाशी न थांबता पुढचा प्रश्न विचारावा: हे करायला काय काय यावे लागते? बोलीभाषेच्या क्षेत्रीय प्रकल्पांत म्हणी आणि ओव्या गोळा करतोच. त्यांच्या जोडीला खारवणे, वाळवणे, मुरवणे यांचे शब्दही सांगणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच तोंडच्या भाषेत उतरवून घ्यावेत.

मुरलेला हे विशेषण मराठी माणूस मोठ्या आदराने वापरतो. मुरलेला गवई, मुरलेला वकील, मुरलेला राजकारणी. ज्या क्रियेने हे विशेषण भाषेला दिले, ती क्रिया सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात चालत होती. बरणीवर दादरा होता तिथे, आणि दोरीवर पट्ट्या वाळत होत्या तिथेही. भाषेने विशेषण ठेवून घेतले. आता ती क्रिया करणारे कोण होते, तेही लिहून ठेवणे हे आपले, म्हणजे भाषेच्या अध्यापकांचेच काम आहे.